हात का लावायचा नाही?

॥ श्रीगुरवे नमः ॥



मागच्या पत्रासोबत सहलीचे फोटो टाकले तेव्हा ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. खूप छान, धन्य झालात, पुढच्या वेळी आम्हालाही सांगा. त्या सगळ्यांत एका ताईंचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्यांनी लिहिलं, "एवढ्या लांब कोटिलिंगालूपर्यंत गेलात आणि महादेवाला हात न लावता परत आलात? मग दर्शन कसलं झालं?"

प्रश्न मनापासूनचा आहे. दोन ओळींत उत्तर देऊन तो मिटवायचा नाही, म्हणून आजचं पत्र याच विषयावर.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या सत्संगातली सहा घरं, लहानमोठे मिळून बावीस जण, दोन टेम्पो ट्रॅव्हलर करून काचीगुड्याहून पहाटे निघालो. जडचर्ला मागे पडलं, बिचुपल्लीला कृष्णा ओलांडली, पुढे कर्नूलला तुंगभद्रा. (कृष्णेच्या पुलावर आमच्या आजींनी खिडकी उघडायला लावून नाणं टाकलं. "वाईचं पाणी आहे हे," म्हणाल्या. तांब्याच्या नाण्यांनी पाणी शुद्ध होतं असा एक मेसेज दर महिन्याला फिरतो, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आजचं नाणं तांब्याचं नसतं एवढंच सांगते.) हैदराबादपासून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास गेलं की बेलम गुहा येतात. हा भाग आता नंद्याल जिल्ह्यात मोडतो. दुसऱ्या दिवशी यागंटी आणि महानंदी करून परत.

बेलम हे नाव ऐकायला परकं वाटतं, पण त्याच्या मुळाशी 'बिलम्' हा शब्द आहे. आपलं मराठीतलं बीळ ते हेच. वर सपाट माळ, आणि त्यात विहिरीसारखी तीन भोकं. मधल्या भोकातून पायऱ्या उतरत गेलं की जमिनीखाली गल्ल्याच गल्ल्या. एकूण लांबी 3,229 मीटर, त्यातली सुमारे दीड किलोमीटर लोकांसाठी खुली. आत दमट, उकाडा, आणि मधूनमधून वरून सोडलेल्या हवेचा झोत. सर्वांत खोल जागा म्हणजे पाताळगंगा, प्रवेशापासून 46 मीटर खाली. तिथे बारमाही पाण्याचा एक लहानसा झरा दिसतो आणि दिसता दिसता जमिनीत नाहीसा होतो.

कोटिलिंगालू हे तिथलं एक दालन. छतापासून खालपर्यंत चुनखडीची असंख्य लहानमोठी लिंगं. एके ठिकाणी वरून उतरलेला आणि खालून चढलेला असे दोन सुळके एकमेकांना भेटून मोठा खांबच झाला आहे. कोणी घडवलेलं नाही, कोणी स्थापना केलेली नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे हात तिथे आपोआप जोडले गेले. आणि जोडलेले हात पुढे व्हायला किती वेळ लागतो?

आजींचा हात पुढे झाला. त्या पंचाहत्तरीला आल्या आहेत, गुडघे दुखत असताना इथवर उतरल्या होत्या. त्यांच्या नऊ वर्षांच्या नातवाने हात धरला. "आजी, हात नको लावू. तो अजून वाढतोय."

पोराला हे वरती गाईडने सांगितलं होतं. गोष्ट खरी आहे आणि समजून घेण्यासारखी आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन किंचित आंबट होतं. त्या आंबटपणाने चुनखडी थोडी थोडी विरघळते. गुहेच्या छताला थेंब लटकला की त्यातला वायू उडून जातो आणि चुन्याचा बारीकसा कण मागे राहतो. मग दुसरा थेंब, दुसरा कण. शंभर वर्षांत सेंटिमीटरभर वाढ झाली तरी पुष्कळ, कित्येक ठिकाणी तेवढीही होत नाही. म्हणजे आजींचे पणजोबा जन्मले तेव्हापासून आजवर या पिंडीची वाढ बोटाच्या एका पेराएवढी. आपल्या हाताला, कितीही धुतला तरी, त्वचेचं तेल असतंच. ते त्या ओल्या दगडाला लागलं की पाणी नीट धरत नाही, घसरून जातं, कण बसत नाही. हळूहळू तिथे काळा डाग पडतो. एका हाताने फार काही होणार नाही, पण तिथे येणारा प्रत्येक जण एकच हात लावणार असतो.

आजींनी हात मागे घेतला, पण बाहेर आल्यावर झाडाखाली दशम्या सोडताना त्यांनी विषय काढलाच. "त्या चुन्याला काय कळतंय माझा भाव? मला कळतोय ना. देवाला हात लावला तर देव मरतो, असला देव मी ऐकला नव्हता."

आमच्यातले शिकलेले लोक लगेच सुरू झाले. पर्यावरण, वारसा, पुढच्या पिढ्या. आजी ऐकत होत्या, पण पटत नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला वाटतं त्यांचं न पटणं बरोबर होतं. आपल्याकडे स्पर्श ही भक्तीची भाषाच आहे. पायांवर डोकं ठेवल्याशिवाय मोठ्यांना भेटल्यासारखं वाटत नाही. वारकरी पंधरा-वीस तास रांगेत उभा राहतो तो विठोबाच्या पायांवर क्षणभर डोकं टेकायला मिळावं म्हणून. अशा माणसाला "फक्त बघा" म्हणणं म्हणजे जेवायला बोलावून ताटाचा फोटो दाखवणं.

पण हेही बघा. त्याच पंढरपुरात 2024 साली गाभाऱ्याच्या संवर्धनाच्या कामासाठी काही आठवडे पदस्पर्श दर्शन बंद ठेवलं होतं, मुखदर्शन तेवढं चालू होतं. उज्जैनला महाकालेश्वराच्या पिंडीची झीज होते म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अभिषेकाच्या पाण्यावर बंधनं आली, आणि 2020 साली भाविकांनी पिंडी घासू-चोळू नये असा आदेश झाला. म्हणजे ज्या देवाला आपण हजारो वर्षांचा म्हणतो, त्याचा दगडही आपल्या प्रेमाने झिजतो. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "झिजू दे की. चंदनसुद्धा झिजतंच." याला तिथे कोणाकडेच उत्तर नव्हतं.

उत्तर दिलं ते आजींच्या सूनबाईंनी, आणि तेही उत्तर म्हणून नव्हे. त्या दशमीबरोबर लोणचं वाढत होत्या. एका मुलाने पाण्याने निथळणारा हात बरणीत घातला आणि आजी एकदम ओरडल्या, "अरे! ओला हात!" सूनबाई हसून म्हणाल्या, "आई, लोणच्याला तरी काय कळतंय त्याची भूक?"

आजीही हसल्या. आणि मला वाटतं तिथे निम्मा प्रश्न सुटला. लोणच्याच्या बरणीला ओला हात लावायचा नाही हा नियम आपल्या प्रत्येक घरात आहे. त्यात अपमान कोणाचाच नाही. मुख्य म्हणजे ज्या आजींनी ते लोणचं घातलं, फोडी मुरवल्या, बरणी उन्हात ठेवली, त्यासुद्धा आपला हात पुसून कोरडा केल्याशिवाय आत घालत नाहीत. हा नियम माणसाकडे बघतच नाही, तो बरणीकडे बघतो. नव्या बाळाला बाहेरून आल्या आल्या कोणी घेत नाही, आधी हातपाय धुतो. तिथेही बापाला सूट नसते. वाढत्या जिवाला जपायचं असतं एवढंच त्यामागे आहे.

आता उरलेला निम्मा प्रश्न. तो जास्त अवघड आहे, आणि आपल्या सत्संगात तो सहसा कोणी बोलत नाही.

"हात लावू नका, लांबून नमस्कार करा" हे वाक्य आपल्या समाजात फार जुनं आहे, आणि ते नेहमी बरणीसाठी उच्चारलं गेलेलं नाही. मंगळवेढ्याचे चोखोबा विठ्ठलाचे एवढे लाडके संत, त्यांची समाधी आज महाद्वारासमोर आहे. त्यांच्या लोकांना त्या दारातून आत जायला विसावं शतक अर्धं सरत आलं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं तेव्हा कुठे ते दार उघडलं. त्याच्या वीस वर्षं आधी, 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. हजारो लोक त्यांच्यामागे होते. गुराढोरांना चालत होतं ते पाणी, या माणसांच्या हाताने बाटत होतं. नंतर तिथल्या सनातन्यांनी तळ्याची 'शुद्धी' केली, म्हणजे माणसांचा स्पर्श धुऊन काढला.

तिथेही शब्द तेच होते, शिवू नका. म्हणून कोणी आपल्याला "हात लावू नका" म्हटलं की लगेच मान डोलवण्याआधी एक तपासणी करायला हवी, असं माझं मत आहे. नियम कोणाकडे बघतोय? वस्तूकडे की माणसाकडे? बेलमच्या गुहेत मंत्री आला, महाराज आले, तिथला गाईड स्वतः असला, तरी त्वचेचं तेल सगळ्यांचं सारखंच. महाडला पाणी सगळ्यांसाठी सारखंच होतं, हात मात्र निवडून काढले होते. बरणीचा नियम आणि वेगळ्या ठेवलेल्या कपाचा नियम, दोन्ही ऐकायला सोवळ्याचेच वाटतात. बरणीचा नियम घरमालकिणीलाही लागू असतो. कपाचा नियम फक्त भांडी घासायला येणाऱ्या बाईला लागू असतो. हैदराबादेतल्या किती स्वयंपाकघरांत तो दांडी उडालेला कप खिडकीत अजून आहे, ते ज्याचं त्याने आपल्या घरी बघावं.

दगडाचीच गोष्ट घ्या. बेलमच्या गुहा ज्या काळ्या चुनखडीत तयार झाल्या, तसलाच दगड त्या सगळ्या टापूत ताडिपत्री, बेतमचर्ला, कडप्प्यापर्यंत पसरलेला आहे. आपल्या ओट्यावरचा 'कडप्पा' तो हाच. त्यावर आपण भाजी चिरतो, पोळ्या लाटतो, रोज राख नाहीतर पावडर लावून घासतो, आणि तो वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत होतो, बिघडत नाही. एकाच जातीचा दगड, घरात हाताने चमकतो आणि गुहेत हाताने मरतो. दगडात पवित्र-अपवित्र असं काही नाही. तो काय करतो आहे, वाढतो आहे की वाढून झाला आहे, यावर सगळं आहे.

याच भागात वाटेत एक प्रसंग झाला तोही सांगते. रस्त्याच्या कडेला सोडून दिलेली दगडाची खाण होती. पावसाचं पाणी साठून हिरवंनिळं, अगदी काचेसारखं. आपल्या ग्रुपमधली कॉलेजची तीन मुलं म्हणाली, "दहा मिनिटं थांबा, एक उडी मारून येतो." ड्रायव्हरने गाडी थांबवलीच नाही. मुलं रुसली. नंतर त्याने तेलुगू-हिंदीत समजावलं ते सगळ्यांनी ऐकावं असं आहे. नदीचा डोह असो की विहीर असो, कुठेतरी उतार असतो, पायऱ्या असतात, धरायला मूळ असतं. खाणीचा खड्डा सरळ तासलेला असतो, कड्यापासूनच एकदम खोल. वर पाणी कोमट, दोन पुरुष खाली बर्फासारखं, आणि तळाला तुटलेल्या दगडांची टोकं. पोहता येणारेच तिथे बुडतात, कारण न येणारे उतरतच नाहीत. पाण्याचा निवांतपणा फसवा असतो. 30 जून 2024 ला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही सहलीलाच आले होते. काही मिनिटांपूर्वी ते पाणी घोट्याएवढं असेल. म्हणून मुलांना "नको" म्हणताना आपण वाईटपणा घेतो असं कोणी समजू नये. आणि तो वाईटपणा एकट्या ड्रायव्हरवरही टाकू नये, गाडीत नऊ मोठी माणसं बसली होती.

असो. परत गुहेकडे.

एका काकांनी बेलमहून निघताना वेगळीच बाजू मांडली. ते म्हणाले, हात लावला तर बिघडतं हे मान्य, पण मग श्वासाचं काय? बावीस जण आत गेलो, दीड तास घाम गाळला, श्वास सोडले, तिथे दिवे लावलेत त्यांच्या उजेडात भिंतीवर शेवाळ धरतं. खरोखर जपायचं असेल तर जाऊच नये.

हे विनोदाने म्हणालेले नव्हते, आणि उदाहरण जगात आहे. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा 1940 साली सापडली, आत हजारो वर्षांपूर्वीची रंगवलेली जनावरं. 1948 ला लोकांना खुली केली. लोकांनी भिंतीला हात लावला म्हणून नव्हे, तर त्यांच्या नुसत्या श्वासाने आणि अंगाच्या उष्णतेने ती बिघडायला लागली, आणि 1963 ला बंद करावी लागली. आता लोक बघतात ती शेजारी केलेली हुबेहूब नक्कल.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून बोचरं आहे, आणि आपल्या हैदराबादशी जोडलेलं आहे. अजिंठा निजामाच्या राज्यात होतं. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिथे पोचला आणि दहाव्या लेण्यात चित्रावरच त्याने आपलं नाव आणि तारीख कोरली. ते आडदांडपणाचं झालं. पण शंभर वर्षांनी, 1920 च्या सुमारास, निजाम सरकारने चांगल्या हेतूने, पैसा खर्च करून, इटलीहून नामांकित कारागीर बोलावले. त्यांनी चित्रं निखळू नयेत म्हणून काळजीने काम केलं, आणि वरून लाखेचं रोगण दिलं. ते रोगण पुढे पिवळं पडलं, काळवंडलं, आणि चित्रांचे रंग त्याच्याखाली दबले. ते काढत बसायचं काम नंतरच्या लोकांच्या वाट्याला आलं. एकाने मिरवायला हात लावला, दुसऱ्याने जीव लावून हात लावला, आणि चित्राला दोन्ही हात सोसावे लागले. भाव चांगला असला की हात आपोआप चांगला होतो हे आपण सत्संगात फार सहज बोलतो. अजिंठ्यात जाऊन ते बोलून बघावं.

पण म्हणून काकांचं "जाऊच नये" मला पटत नाही. कारण बेलमचाच इतिहास. 1884 साली रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भतज्ज्ञाने या गुहांची नोंद केली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं कोणी फिरकलं नाही. मग 1982-83 मध्ये गेबाउअर या जर्मन संशोधकाच्या तुकडीने आत उतरून मोजमाप केलं. आणि तोवर, खरं तर 1988 पर्यंत, आजूबाजूच्या वस्त्या या बिळांत आपला कचरा टाकत होत्या! हात लावायला कोणीच जात नव्हतं, गुहा अगदी 'अस्पर्श' होती, आणि ती उकिरडा झाली होती. गावातल्याच काही जुन्या मंडळींनी पाठपुरावा केला, सरकारने लक्ष घातलं, पर्यटन विभागाने गाळ-कचरा उपसून वाटा केल्या, दिवे लावले, आणि 2002 साली ती लोकांसाठी उघडली. जिला कोणी बघत नाही तिला कोणी जपतही नाही. कोटिलिंगालू बघितलेला तो नऊ वर्षांचा मुलगा उद्या दुसऱ्या कोणाचा हात धरेल, तो तिथे गेला म्हणूनच.

साधनेसाठी गुहा का लागते, यावर पुष्कळ बोललं जातं. बेलमलाही पूर्वी जैन आणि बौद्ध भिक्षू राहून गेल्याच्या खुणा सांगतात, बाहेर बुद्धाची भव्य मूर्ती त्याच आठवणीने उभी आहे. समर्थांनी दासबोध शिवथरघळीत सांगितला अशी परंपरा आहे. ती घळही पाण्याशेजारीच, पावसाळ्यात तोंडासमोर धबधबा कोसळतो. योगायोग बघा, ती महाड तालुक्यात. चवदार तळंही महाडलाच. आणि वाळण कोंड नावाचा नदीतला डोहही त्याच तालुक्यात, जिथे देवीचे मासे म्हणून कोणी जाळं टाकत नाही आणि हातभर लांबीचे मासे माणसाजवळ येऊन चुरमुरे खातात. जपण्यासाठी स्पर्श सोडलेला डोह आणि माणुसकीसाठी स्पर्श करावा लागलेलं तळं, दोन्ही एकाच तालुक्यात.

दुसऱ्या दिवशी महानंदीला आजींचा हिशेब पुरा झाला. नल्लमलाच्या पायथ्याशी हे देऊळ आहे, नंद्यालपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. पिंडीच्या खालूनच झरा निघतो अशी श्रद्धा, आणि ते पाणी आवारातल्या कुंडांमध्ये येतं. साधारण पाच फूट खोल आणि इतकं नितळ की तळाला पडलेलं नाणं छापा की काटा ते वरून सांगता येतं. जमिनीच्या पोटातून येत असल्याने वर्षभर त्याची ऊब फारशी बदलत नाही, म्हणून ते हिवाळ्यात कोमट लागतं आणि उन्हाळ्यात गार. इथे कोणी "हात लावू नका" म्हणत नाही. इथे उतरायचंच असतं. आजी नऊवारी सावरून कुंडात उतरल्या, तीन बुडं मारली, चौथं नातवाने मारायला लावलं. काल रुसलेली कॉलेजची मुलं तासभर पाण्याबाहेर निघेनात.

कालचा दगड शिवायचा नव्हता, आजचं पाणी शिवायचंच, हे कसं? मुलांनी विचारलं तेव्हा त्यांना कुंडाच्या बाहेर नेऊन दाखवलं. पाणी तिथे थांबत नाही. एका बाजूने येतं, दुसऱ्या बाजूने निघून केळीच्या बागांना आणि शेतांना जातं. आपण उतरल्याने ते संपत नाही, अडत नाही, फक्त आपल्यावरून पुढे जातं. मात्र इथेही बरणी आहेच. एक गृहस्थ साबणाची वडी घेऊन उतरत होते. आजींनीच त्यांना हटकलं, आणि त्यांना कळेल अशा हैदराबादी हिंदीत सांगितलं, "साबुन नक्को भैया, आगे खेत में जाता सो पानी है."

ताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे असं आहे. दर्शन या शब्दाचा अर्थच बघणं. कोटिलिंगालूला आम्ही बघून आलो, आणि जे बघितलं ते तुम्ही जाल तेव्हा तुम्हालाही तसंच दिसेल. पण तुमच्यासाठी म्हणून मागे काही सोडून आलो, असा मोठेपणा आजींच्या मनात नव्हता. परत येताना गाडीत त्या म्हणाल्या की मला हात लावायचा होता आणि अजूनही लावावासा वाटतो. ती इच्छा वाईट आहे असं मला वाटत नाही. ती राहिली तर राहू दे.

हे सगळं लिहायचं आणखी एक कारण. गुरुपौर्णिमा जवळ येते आहे. आपल्या सभागृहातल्या लाकडी पादुकांवर गेली काही वर्षं इतके हात, इतकं चंदन आणि इतकं दूध पडतं की उजव्या पादुकेची खुंटी हलायला लागली आहे, कडेला भेग दिसते. महिला मंडळाकडून सूचना आली आहे की यंदा पादुकांवर काचेची पेटी ठेवावी आणि स्पर्शदर्शन बंद करावं. त्याच चर्चेत एकाने असंही सुचवलं की समितीची माणसं, पूजा करणारे आणि मोठे देणगीदार एवढ्यांना मात्र पेटी उघडून द्यावी. पहिली सूचना बरणीची आहे. दुसरी कशाची आहे ते ज्याने त्याने ओळखावं. आणि पेटीचा विषय निघालाच आहे तर हेही ठरवून टाकू. सभागृह रोज झाडणाऱ्या अम्मा गेली कित्येक वर्षं पादुकांसमोरची फरशी पुसतात, पण आरतीला दाराबाहेर चपलांजवळ उभ्या राहतात. त्यांना कोणी अडवलेलं नाही, असं आपण म्हणतो. त्यांना आत या असं कोणी म्हटल्याचंही माझ्या ऐकण्यात नाही.

बैठक येत्या रविवारी संध्याकाळी, नेहमीच्या जागी. ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपलं म्हणणं ग्रुपवर लिहावं, फॉरवर्ड नको, स्वतःच्या शब्दांत.